तळटीपबाई

आमच्या संस्थेतला सगळ्यात गाजलेला लेख कुणी वाचलेलाच नाही. हे मी रागाने म्हणत नाही, मोजून सांगते. सव्वीस वर्षं मी तिथे ग्रंथपाल होते. लोकांना वाटतं, ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं जपणारी बाई. पुस्तकं कधीच कुलपात गेली होती. माझं खरं काम म्हणजे कोणाचा लेख कुठे छापून आला, कोणी कोणाच्या जोडीने लिहिला आणि पुढे किती जणांनी आपापल्या लेखात त्याचा संदर्भ दिला, ते यंत्रावरून काढायचं आणि दरवर्षी वर पाठवायचं. त्या आकड्यांवर माणसांच्या बढत्या ठरत. मी ते आकडे इमानेइतबारे पाठवले, आणि त्याचीच आता मला चीड येते.

ज्या बाईचा तो लेख, तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठ वळली की तळटीपबाई. नाव ठेवणाऱ्याचं फार चुकलं नव्हतं. ताईचं एकही वाक्य पुस्ती जोडल्याशिवाय संपत नसे. ‘चहा गरम आहे का गं?’ विचारलं तर ‘आहे, पण किटलीत आहे तोवरच’ म्हणायची. लग्न का केलं नाहीस, असं कोणी आगाऊपणे विचारलं तर ‘करणार होते, पण त्याला “पण” आवडत नव्हता’ म्हणून मोकळी व्हायची. हसायची मात्र नाही. आपण हसायचं, ती आपल्याकडे बघत राहायची.

विसाव्या वर्षी ती परिचारिका झाली. अकरा वर्षं प्रसूतिगृहात काढली, मग आमच्याकडे घरोघर जाऊन माहिती गोळा करणारी म्हणून लागली आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरेट मिळवली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती, तिची विधवा धाकटी बहीण आणि बहिणीची मुलगी अशा तिघी राहत. घरात टेबल एकच. भाची त्यावर शिकली, बहिणीने त्यावर शिवणकाम केलं आणि उरलेल्या कोपऱ्यात ताईने आपला प्रबंध लिहिला. शिवणयंत्र चालू असलं की तिचं अक्षर हलायचं. तिच्या वह्या बघितल्या की बहिणीला कोणत्या दिवशी काम होतं ते मला सांगता यायचं.

तिचं संशोधन एका ओळीत सांगता येईल. छोट्या प्रसूतिकेंद्रांत वजनकाटा नसतो, असला तर बिघडलेला असतो. मग जन्मलेलं बाळ फार लहान आहे, त्याला तातडीने मोठ्या दवाखान्यात हलवायला हवं, हे कळायचं कसं? ताई म्हणाली, पाऊल मोजा. वजन दिसत नाही, पाऊल दिसतं. तिने सुताराकडून एक लाकडी मापपट्टी करून घेतली. एका टोकाला उभी फळी होती, टाच टेकवायला. कडा तिने स्वतः पॉलिशपेपरने घासल्या. लाकूड गार लागलं की बाळ बोटं आखडतं, म्हणून मोजायच्या आधी ती पट्टी दोन मिनिटं स्वतःच्या पोटाशी धरून कोमट करायची. चार वर्षांत एक हजार नऊशे बारा बाळं तिने अशी मोजली. निष्कर्ष निघाला सात पूर्णांक तीन सेंटिमीटर. पाऊल त्याहून लहान असेल तर बाळाला थांबवायचं नाही, लगेच हलवायचं.

आणि मग तिचा ‘पण’. त्यातली तीनशे बाळं तिने शिंप्याच्या मऊ टेपनेही मोजली होती, कारण केंद्रांत टेपच असते हे तिला माहीत होतं. टेप तळव्याच्या खोलगट भागावरून वळत जाते. त्यामुळे तेच पाऊल टेपवर चार मिलिमीटर जास्त भरतं. म्हणजे जे बाळ धोक्यात आहे ते टेपवर सुखरूप दिसतं. टेप वापरायची असेल तर सात-तीन हा आकडा चालणार नाही, सात-सात धरावा लागेल. एवढंच. शाळकरी मुलालाही कळेल.

लेखावर सहा नावं होती. पहिलं ताईचं, शेवटचं आमच्या विभागप्रमुखांचं. त्यांना सगळे सर म्हणत. सर फार सज्जन माणूस, असं सगळेच सांगतात. मी सांगत नाही. मधली चार नावं एका दूरच्या विद्यापीठातली. त्या चौघांतल्या एकाने पाऊल तर सोडाच, बाळही पाहिलं नव्हतं, पण त्याच्या नावाने दारं उघडतात म्हणून तो हवा होता. नियतकालिकाची शब्दमर्यादा होती तीन हजार. लेख दीडशे शब्दांनी लांबला. सरांनी टेपचा परिच्छेद उचलला, दोन ओळींत बसवला आणि तिसऱ्या तक्त्याखाली दुसरी टीप म्हणून टाकला. ‘माहिती कुठे जात नाही ताई, फक्त खाली जातेय,’ ते म्हणाले. ताईने मान डोलावली. ती तिची चूक होती आणि तिने ती पुढे कधी नाकारली नाही. जिचा अख्खा स्वभाव तळटिपेत होता तिला वाटलं, तळटीप सगळेच वाचतात.

दोन वर्षं त्या लेखाकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग एकोणीस लेखकांनी मिळून एक जाडजूड आढावा लिहिला आणि त्यात ताईचा आकडा घेतला. नुसता आकडा. तिथून यंत्र जे धावत सुटलं ते थांबेना. चाळीस संदर्भ, दोनशे, सहाशे. संस्थेत आनंदीआनंद झाला. मीही नाचतच यादी घेऊन तिच्या खोलीत गेले.

‘सहाशे अकरा!’ मी म्हणाले. ‘आता तरी हस.’

तिने यादी घेतली, पहिलं पान बघितलं आणि विचारलं, ‘यात टेपबद्दल कोणी लिहिलंय का?’

‘मला काय माहीत? मी मोजते, वाचत नाही.’

‘मग मी वाचते,’ ती म्हणाली.

आणि बाईने खरंच वाचले. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन ग्रंथालयात यायची, खिडकीजवळच्या टेबलाशी बसायची आणि एकेक लेख काढून पेन्सिलीने खूण करायची. पाच महिने लागले. सहाशे अकरांपैकी एकानेही टीप दिली नव्हती. वर आणखी एक गंमत, गंमत कसली, निर्लज्जपणा. त्या एकोणिसांच्या आढाव्यात ताईच्या लेखाचा पानक्रमांक चुकून उलटासुलटा पडला होता, दोनशे चौदाच्या जागी दोनशे एकेचाळीस. पुढच्या तीनशेहून जास्त जणांनी तोच चुकीचा क्रमांक दिला होता. म्हणजे मूळ लेख उघडलाच नव्हता कोणी, सगळ्यांनी एकमेकांचं बघून उतरवलं होतं. शाळेत यासाठी बाकावर उभं करतात.

शेवटच्या आठवड्यात तिने मला बोलावलं आणि एका लेखातलं चित्र दाखवलं. कुठल्याशा कारखान्याने मऊ प्लास्टिकच्या टेपा काढल्या होत्या. सात-तीनवर लाल रेघ होती. केंद्राकेंद्रांत वाटपही सुरू झालं होतं.

‘अगं, ही माझी रेघ आहे,’ ती म्हणाली, ‘पण चुकीच्या जागी आहे.’

मग तिने पत्रं लिहायला घेतली. एकोणीस जणांना एकोणीस. तिघांची उत्तरं आली, तिन्हींत ‘आमच्या कामात रस घेतल्याबद्दल आभार’ एवढंच होतं. कारखान्याने सूचनांचं स्वागत करून तिची बोळवण केली. नियतकालिकाला तिने दुरुस्ती छापण्याची विनंती केली. त्यांचं उत्तर मी स्वतः वाचलंय. मूळ लेखात माहिती उपलब्ध आहेच, त्यामुळे दुरुस्तीचा प्रश्न उद्भवत नाही, तरीही आग्रह असल्यास सर्व लेखकांची संमती जोडावी. ती पत्र घेऊन सरांकडे गेली. मी वार्षिक अहवालाचे कागद घेऊन तिथेच बसले होते.

‘ताई, आपल्या लेखात चूक आहे का?’ सरांनी विचारलं.

‘नाही, पण...’

‘झालं तर मग! लोक वाचत नाहीत यात आपला काय दोष? आणि दुरुस्ती म्हटलं की त्यावर डाग बसतो. संस्थेचं मानांकन या एका लेखावर उभं आहे. तुमची बढतीसुद्धा.’

‘सर, बाळं सुटतायत हातातून.’

‘एक तरी दाखवा,’ सर म्हणाले, अगदी गोड आवाजात. ‘तुम्ही संशोधक आहात. पुरावा आणा, मी लगेच सही करतो.’

तिने पत्राची घडी घातली. मी मूग गिळून बसले. माझ्या मांडीवर अहवाल होता आणि त्याच्या पहिल्याच पानावर तो आकडा.

शेवटी तिने एकटीच्या नावाने संपादकांना पत्र लिहिलं आणि ते छापून आलं. दहाच ओळी होत्या, त्यात एकही ‘पण’ नव्हता. मऊ टेपने सात-तीन वापरू नका, वापराल तर लहान बाळं घरी पाठवाल. सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुढच्या दोन लेखांतून तिचं नाव गळलं. दूरच्या विद्यापीठाने कळवलं की यापुढे एकत्र काम करणं कठीण दिसतं. बढतीच्या अहवालात ‘सहकार्याची वृत्ती कमी’ असा शेरा बसला. ताईला याचं काडीचंही वाटलं नाही. तिला एकच हवं होतं, आकडा जिथे जाईल तिथे टीप जायला हवी.

वर्षअखेरीला मी यंत्र उघडलं. पत्रात तिने अर्थातच स्वतःच्या मूळ लेखाचा संदर्भ दिला होता. यंत्राने तो धरला आणि लेखाचा आकडा एकाने वाढवला. पुढे काहींनी त्या पत्राचाही संदर्भ दिला, कशासाठी, तर सात-तीन हा आकडा खात्रीचा आहे याला आणखी एक आधार म्हणून! मी तिला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली. तसलं हसू पुन्हा बघायची माझी इच्छा नाही.

त्यानंतरच्या वर्षी भाची बाळंत झाली. जवळच्याच केंद्रात, तीन आठवडे आधी. सकाळी साडेनऊला बहिणीचा ग्रंथालयात फोन आला, मुलगी झाली, दोघी ठीक आहेत. ताई निघाली, मीही तिच्याबरोबर निघाले. तिची जुनी मापपट्टी तिने कपाटातून काढून पिशवीत टाकली. माझ्या मनात आलं, काय बाई आहे, नात बघायला निघाली आणि हत्यारं घेऊन!

केंद्र म्हणजे एक लांबट खोली, दोन खाटा, कोपऱ्यात सिंक आणि दुरुस्तीची चिठ्ठी लावलेला वजनकाटा. तिथली परिचारिका तिशीची होती, चटपटीत, बाह्या वर सरकवलेल्या. तिच्या गळ्यात ती लाल रेघेची टेप लोंबत होती.

‘अभिनंदन आजी,’ ती ताईला म्हणाली. ‘सात-पाच भरलं पाऊल. ठणठणीत आहे. दुपारी घरी न्या.’

ताईने पट्टी पोटाशी धरली. दोन मिनिटं आम्ही सगळ्या तशाच उभ्या. मग तिने बाळाची टाच फळीला टेकवली, वाकून बघितलं आणि बहिणीला म्हणाली, ‘सात-एक. गाडी बोलाव. मोठ्या दवाखान्यात न्यायचंय.’

‘अहो, असं कसं?’ परिचारिकेचा आवाज चढला. ‘घाबरवता काय त्यांना? नियम आहे आमचा. तो बघा तक्ता.’

भिंतीवर तक्ता होता. बाळाच्या पावलाचं चित्र, त्याखाली सात-तीन, आणि अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, आधार म्हणून ताईचं नाव आणि लेखाचं साल.

‘ते नाव माझं आहे,’ ताई म्हणाली.

परिचारिकेने तक्त्याकडे बघितलं, मग ताईकडे. ‘मग तुम्हीच लिहिलंय ना हे?’

‘मी लिहिलंय. खाली टीप होती. टेपने मोजलं तर सात-सात धरा म्हणून.’

‘इथे नाहीये टीप,’ परिचारिका म्हणाली. उर्मटपणे नाही हो, नुसतं जे दिसत होतं ते म्हणाली. आणि मग तिचा हात आपोआप दुसऱ्या खाटेकडे गेला. खाट रिकामी होती, चादर नुकतीच बदललेली. ‘ही सकाळी आठला घरी गेली. तिच्या मुलाचं सात-चार भरलं होतं.’

‘म्हणजे सात,’ ताई म्हणाली.

भाचीची मुलगी बारा दिवस दवाखान्यात उबेच्या पेटीत होती. आता ती पळते, पडते, शिव्या शिकते. दुसऱ्या बाळाचं सांगते. परिचारिकेने नोंदवहीतून पत्ता काढला. घराला कुलूप होतं. पहिलटकरीण, आईकडे गेली होती बसने, सहा तासांच्या वाटेवर. फोन लागेना. परिचारिकेने त्या भागातल्या केंद्राला कळवलं, त्यांचा माणूस पोचला तोवर तिसरा दिवस उजाडला होता. बाळ गार पडलं होतं, दूध ओढत नव्हतं. चौथ्या दिवशी गेलं. हे सांगायला परिचारिका स्वतः आमच्या ग्रंथालयात आली, गणवेशातच. ताईने तिला खुर्ची दिली आणि स्वतःही तिच्या शेजारी बसली. मला उगाच कपाटं उघडझाप करावी लागली.

ताईने सरांना तो पुरावा नेऊन दिला. सर हळहळले, खरंच हळहळले, पण एका बाळावरून निष्कर्ष काढता येत नाही म्हणाले. सही केली नाही.

पुढे परिचारिकेने लिहिलं. तिच्या संघटनेचं एक त्रैमासिक निघतं, पातळ कागदावर, अर्ध्या पानात बदल्या आणि निवृत्त्या. त्यात तिने पाऊण पान लिहिलं. आपण काय मोजलं, कशाने मोजलं, किती भरलं, बाळ कधी गेलं. ‘माझं मोजणं चुकलं नव्हतं, माझ्या हातातलं माप चुकलं होतं, आणि ते चुकेल हे आधीच लिहून ठेवलेलं होतं,’ असं तिने लिहिलं होतं. शेवटी संदर्भ दिला होता. ताईचा लेख, पान दोनशे चौदा, तक्ता तीन, टीप दोन.

वार्षिक आकडा पाठवायच्या आदल्या दिवशी ताई ते त्रैमासिक घेऊन आली आणि माझ्या टेबलावर उघडून ठेवलं.

‘हा यंदाच्या यादीत धर,’ ती म्हणाली.

मी वाचलं. डोळे पुसले. मग उलटून मुखपृष्ठ बघितलं.

‘हा नाही धरता येत गं.’

‘का?’

‘हे त्रैमासिक मान्य यादीत नाही. यंत्राला दिसतच नाही.’

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ‘यंदा किती झाले?’ तिने विचारलं.

‘एक हजार सातशे बारा.’

‘बरं,’ ती म्हणाली आणि त्रैमासिक उचलून पिशवीत टाकलं. एक आकडा वाढवायला मला किती वेळ लागला असता? कोण तपासायला येणार होतं? पण सव्वीस वर्षांत मी नियम मोडला नव्हता आणि त्या दिवशीही मोडला नाही. याची मला अजून लाज वाटते.

आठ दिवसांनी वार्षिक सभा झाली. मोठी खोली, दीडशे खुर्च्या, पुढच्या रांगेत पाहुणे. सरांनी आकडा दोनदा वाचून दाखवला आणि ताईला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती पुढे गेली नाही, जागेवरच उभी राहिली.

‘माझा आकडा वापरून एक बाळ घरी पाठवलं,’ ती म्हणाली. ‘ते चौथ्या दिवशी गेलं. अशी आणखी किती गेली ते कोणी मोजलेलं नाही. त्या टेपा परत मागवा. एवढंच.’

ती खाली बसली. मग सर ध्वनिक्षेपकाशी आले, आवाज थोडा ओलसर करून म्हणाले, ‘बघा, इतकं यश मिळूनही ताईंची ही तळमळ! अशा संशोधक आपल्याकडे आहेत हे आपलं भाग्य.’ पुढच्या रांगेत कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि बघता बघता सगळ्या खोलीने वाजवल्या. ताई मांडीवर हात ठेवून समोर बघत होती. मी तिच्या शेजारीच बसले होते. माझेही हात वाजत होते, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा टाळ्या संपत आल्या होत्या.